रंग ओला आहे

कॅम्पस इंटरव्ह्यू दिलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो: "पब्लिक, प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड यांतला फरक सांगा." उत्तरही सगळ्यांचं पाठ असतं. पब्लिक म्हणजे कोणीही वापरावं, प्रायव्हेट म्हणजे फक्त त्याच क्लासने, प्रोटेक्टेड म्हणजे पोराबाळांनी. मग समोरचा विचारतो, "पण हे कशासाठी?" की आपण छाती पुढे काढून म्हणायचं, "डेटा हायडिंग, सर. सिक्युरिटीसाठी." समोरचा मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

आता गेली काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतोय आणि दहातले आठ जण अजूनही हेच उत्तर देतात. मला ते दर वेळी खटकतं, कारण त्यातला "सिक्युरिटी" हा शब्द सपशेल चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तरी चाललं असतं. पण या एका शब्दामुळे लोकांना वाटतं की प्रायव्हेट ही आपल्यावर दाखवलेली अविश्वासाची खूण आहे. मग पुढे नोकरीत जे काय होतं, त्याबद्दल हा लेख.

आधी सिक्युरिटीचं भूत उतरवू. जावामध्ये रिफ्लेक्शन वापरून प्रायव्हेट फील्ड वाचता येतं, बदलताही येतं. सी प्लस प्लसमध्ये हेडर फाइल घेण्याआधी "प्रायव्हेट" या शब्दाची व्याख्याच "पब्लिक" अशी करून टाकणारे महाभाग मी पाहिलेत (भाषेच्या नियमांना हे मंजूर नाही, पण बरेचदा चालून जातं). सी प्लस प्लस ज्यांनी बनवली त्या ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांची भूमिका पहिल्यापासून हीच आहे की हे संरक्षण अपघातापासून आहे, लबाडीपासून नाही. ज्याला घुसायचंच आहे त्याला कंपायलर अडवणार नाही. पासवर्ड प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवला म्हणून तो सुरक्षित झाला असं समजणाऱ्याला मी तरी बँकेच्या प्रोजेक्टवर घेणार नाही.

दुसरी गंमत. समजा जावात किंवा सी प्लस प्लसमध्ये "खातं" नावाचा क्लास आहे आणि त्यात शिल्लक हे फील्ड प्रायव्हेट आहे. माझ्या खात्याच्या ऑब्जेक्टमधली मेथड तुमच्या खात्याच्या ऑब्जेक्टमधली शिल्लक वाचू शकते का? खुशाल वाचू शकते! दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे तपासणारी मेथड कधी लिहिली असेल तर तुम्ही हे रोज केलंय, फक्त लक्षात आलेलं नसेल. म्हणजे भिंत ऑब्जेक्टभोवती नाहीच, ती क्लासभोवती आहे. आणि क्लास म्हणजे काय, तर कोणीतरी लिहिलेला मजकूर. खरी भिंत आहे ती क्लास लिहिणारा माणूस आणि क्लास वापरणारा माणूस यांच्यामध्ये. प्रोग्रॅम पळताना तिचं काम जवळजवळ संपलेलं असतं, ती उभी असते ऑफिसात.

(स्मॉलटॉकवाले इथे हसतील. त्यांच्याकडे फील्ड खरोखरच ऑब्जेक्टपुरतं असतं, शेजारच्या ऑब्जेक्टला ते दिसत नाही. पण त्यांच्या सगळ्या मेथड मात्र पब्लिक! "प्रायव्हेट" नावाच्या गटात टाकायच्या आणि लोक समजून घेतील अशी आशा धरायची.)

मग भिंत कशासाठी? याचं सगळ्यात चांगलं उत्तर १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये देऊन ठेवलंय. त्यांनी ओळींची अनुक्रमणिका बनवणारा एक छोटा प्रोग्रॅम घेतला आणि त्याचे तुकडे दोन पद्धतींनी पाडून दाखवले. पहिली पद्धत आपण सगळे करतो ती: आधी वाच, मग फिरव, मग क्रम लाव, मग छाप. दुसरी पद्धत अशी की पुढेमागे बदलतील असे निर्णय शोधायचे, आणि एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवायचा. निर्णय बदलला तर फक्त ते पोट उघडायचं, बाकीच्यांना पत्ताही लागता कामा नये. त्या लेखात क्लासबिस काही नाही, प्रायव्हेट हा कीवर्डही नाही. पण प्रायव्हेटचा अर्थ मला कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळला.

नव्याने रंगवलेल्या बाकावर पाटी लावलेली असते ना, "रंग ओला आहे", प्रायव्हेट म्हणजे ती पाटी. बाक लपवलेला नाही. तुम्ही बघू शकता, कौतुक करू शकता, रंग आवडला नाही तर तसं सांगूही शकता. फक्त टेकू नका, कारण हे अजून बदलणार आहे. आणि पब्लिक म्हणजे? पब्लिक म्हणजे शब्द दिला. आता बसा.

हे "बघणं" आणि "टेकणं" वेगळं आहे, हा काही माझा शब्दांचा खेळ नाही. दोन मोठ्या भाषांनी यावर चक्क वेगवेगळे निर्णय घेतलेत. "खातं" क्लासमध्ये "जमा" नावाच्या दोन मेथड आहेत असं धरा. एक पब्लिक, ती दशांशवाली रक्कम घेते. दुसरी प्रायव्हेट, ती पूर्णांक घेते. बाहेरून कोणी लिहिलं, जमा ५००. सी प्लस प्लसचा कंपायलर दोन्ही मेथड बघतो, ५०० हा पूर्णांक आहे म्हणून प्रायव्हेटवाली जास्त जुळते असं ठरवतो, आणि मग म्हणतो, "अरेच्चा, ही तर प्रायव्हेट. एरर!" पब्लिकवाली शेजारी हात बांधून उभी असते, तिला कोणी विचारत नाही. जावाचा कंपायलर मात्र प्रायव्हेटवाली मोजतच नाही. त्याच्या लेखी पब्लिकवाली एकच मेथड आहे. तो ५०० चे ५००.० करतो आणि पुढे जातो.

पहिल्यांदा ऐकल्यावर सी प्लस प्लसचा नियम खुळचट वाटतो, पण त्यामागे विचार आहे. उद्या कोणी त्या मेथडवरचा प्रायव्हेट काढून पब्लिक केलं, तर जावात पुन्हा कंपाइल केल्यावर तोच कॉल गुपचूप दुसऱ्या मेथडकडे वळेल. सी प्लस प्लसमध्ये असं होणार नाही. तिथे आधी चालत नव्हतं ते आता चालेल एवढंच. नुसती पाटी काढल्याने प्रोग्रॅमचा अर्थ बदलू नये, हा त्यांचा हट्ट. मला स्वतःला जावाचा नियम रोजच्या वापरात सुखाचा वाटतो, पण हट्ट पटतो तो सी प्लस प्लसचा. कारण पाटी काढणारा माणूस सहसा घाईत असतो.

घाईवरून आठवलं. आधीच्या एका नोकरीत मी जे प्रॉडक्ट सांभाळायचो, ते गृहकर्जाच्या व्याजाचं होतं. मी रुजू झालो तेव्हा ते पाच-सहा वर्षांचं झालेलं. त्यात महिन्याच्या तुटक दिवसांचं व्याज काढणारी एक मेथड होती, पोटातली, छोटीशी. ती प्रत्येक टप्प्यावर पैशापर्यंत राउंड करायची. का, तर पहिल्या टेबलमध्ये दोनच दशांश स्थळांची जागा होती म्हणून. मग एकदा क्लायंटकडून मागणी आली की मधल्या टप्प्यांवर राउंड करू नका, शेवटच्या आकड्यावर एकदाच करा. रास्त मागणी. एका ओळीचं काम, जेवणाच्या सुट्टीआधी संपेल असं.

संपलं नाही. ती मेथड पब्लिक होती. जुन्या नोंदी काढून पाहिलं तर मूळची प्रायव्हेटच होती. माझ्या आधी दोन वर्षं कोणीतरी एका गुरुवारी संध्याकाळी तो एक शब्द खोडला होता, आणि शेजारी लिहिलं होतं, "रिपोर्टसाठी तात्पुरतं". शुक्रवारी रिलीज असणार. तो माणूस एव्हाना परदेशी गेलेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्या संध्याकाळी त्याच्या जागी अजून कोणी असतं तरी हेच झालं असतं. पण रिपोर्टवाल्या टीमने ती मेथड वापरायला घेतली, त्यांचा रिपोर्ट क्लायंटच्या हिशेब खात्यात जायला लागला, आणि तिथले लोक त्या बेरजा खातेवहीशी पैशापैशाने जुळवायला लागले. ओसरी दिली की हातपाय पसरले जातात, म्हण उगाच नाही. आता मेथड बदलली तर तिकडची बेरीज हलणार. रिपोर्टवाले म्हणाले, आमचा आकडा बदलायचा नाही.

शेवटी जे सगळीकडे होतं तेच झालं. जुनी मेथड तशीच ठेवली आणि शेजारी नवी लिहिली. दोघींच्या उत्तरात दर महिनाअखेरीला काही रुपयांचा फरक पडायचा. तो फरक खात्याखात्याने शोधून त्याचा तक्ता बनवणं हे काम आमच्या टीममधल्या एकीच्या गळ्यात पडलं. महिन्याचे शेवटचे दोन दिवस ती रात्री उशिरापर्यंत बसायची. तिची मुलगी तेव्हा बालवाडीत होती, पाळणाघर साडेसातला बंद व्हायचं, आणि त्या दोन दिवसांसाठी तिची आई दर महिन्याला नाशिकहून यायची. जवळजवळ तीन वर्षं. रिपोर्ट थेट टेबलवरून काढायला लागले तेव्हा कुठे ती जुनी मेथड उडवता आली. उडवण्याचं बटण आम्ही तिलाच दाबायला दिलं.

कीवर्डबद्दल इतकं काय बोलायचं, असं कोणी म्हणालं की मला ती नाशिकची एसटी आठवते.

या भानगडीत रिपोर्टच्या लीडशी चहाच्या टपरीवर झालेलं बोलणं लक्षात राहिलंय. मी म्हटलं, यापुढे आमच्या आतल्या मेथड प्रायव्हेटच राहतील, हवं ते आमच्याकडे मागा. तो दुखावला. "अरे, एकाच कंपनीत आहोत ना आपण? आमच्यावर विश्वास नाही का?" बघा, इंटरव्ह्यूतली ती सिक्युरिटी इथे अशी उगवते. मी म्हटलं, विश्वासाचा प्रश्नच नाही, सगळा कोड तुमच्यासमोर उघडा आहे, रोज वाचा. त्याला ते कितपत पटलं माहीत नाही, चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.

पाटी लावून ठेवल्याचा फायदा किती होऊ शकतो, त्याचं माझं आवडतं उदाहरण जावाची स्ट्रिंग. जावा ६ पर्यंत स्ट्रिंगचा तुकडा काढला की नवी स्ट्रिंग मूळच्याच अक्षरांवर बोट ठेवायची: इथपासून सुरू, इतकी लांब. झटपट काम. पण दहा अक्षरांच्या तुकड्यापायी कित्येक एमबींची मूळ स्ट्रिंग मेमरीत अडकून पडायची. २०१२ मध्ये, जावा ७ च्या सहाव्या अपडेटमध्ये, त्यांनी ती दोन फील्डच काढून टाकली आणि तुकड्याची खरी कॉपी करायला सुरुवात केली. मग २०१७ मध्ये जावा ९ आलं आणि आतला सगळा साठाच बदलला. आधी प्रत्येक अक्षराला दोन बाइट ठरलेले असायचे. आता नुसती लॅटिन अक्षरं असतील तर एकेका बाइटमध्ये भागतं. (आपल्या मराठी स्ट्रिंगला यात काही मिळालं नाही. देवनागरी त्या एका बाइटमध्ये मावत नाही, तिला दोनच लागतात. असो.)

जगातल्या प्रत्येक जावा प्रोग्रॅममध्ये असलेल्या क्लासची आतडी दोनदा बदलली, आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. कारण ती फील्ड पहिल्यापासून प्रायव्हेट होती. आता कबूल, सगळं काही लपत नाही. तुकडा काढणं पूर्वी फुकट होतं, ते लांबीच्या प्रमाणात महाग झालं. त्या फुकटेपणावर ज्यांनी इमले बांधले होते ते ओरडले. वेळेवर प्रायव्हेटची पाटी लावता येत नाही.

याच्या बरोबर उलटी कथा त्याच जावातली. सन कंपनीने स्वतःच्या वापरासाठी "अनसेफ" नावाचा एक क्लास लिहिला होता. थेट मेमरीत हात घालणारा, भलताच वेगवान. नावातच धोक्याचा कंदील टांगलेला. त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट. त्याचा ऑब्जेक्ट देणारी मेथड बाहेरच्याने बोलावली की ती एक्सेप्शन फेकायची. कंपायलर वॉर्निंग द्यायचा की हे सनचं खाजगी आहे, पुढे काढून टाकलं जाऊ शकतं. एवढ्या पाट्या! लोकांनी काय केलं? त्या क्लासमधलं एक प्रायव्हेट फील्ड रिफ्लेक्शनने उघडलं आणि ऑब्जेक्ट उचलून नेला. नेट्टी, हडूप, कॅसँड्रा, सगळे मोठमोठे प्रोजेक्ट त्यावर उभे राहिले. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. त्यांना वेग हवा होता आणि पब्लिकमध्ये तो कुठेच विकायला नव्हता. मालकाने दुकानात माल ठेवलाच नाही तर गिऱ्हाईक गोदामात शिरणारच.

जावा ९ मध्ये मॉड्यूल आणून आतल्या खोल्यांना खरी कुलपं लावायची वेळ आली, तेव्हा अनसेफला कुलूप लावता येईना. लावलं असतं तर अर्धं जग बंद पडलं असतं. म्हणून त्याच्यासाठी वेगळी खोली काढली, तिचं नाव "अनसपोर्टेड", आणि ती उघडी ठेवली. मग एकेक करून पब्लिक पर्याय दिले. बाकीच्या आतल्या खोल्यांना आधी नुसती वॉर्निंग, २०२१ मध्ये जावा १६ आणि १७ मध्ये कुलूप. अनसेफच्या मेमरीवाल्या मेथड "काढून टाकणार" या यादीत आल्या त्या २०२४ मध्ये, जावा २३ ला. म्हणजे जी गोष्ट कधीच पब्लिक नव्हती, ती परत घ्यायला यांना सात वर्षं लागली आणि काम अजून सुरूच आहे. आमची तीन वर्षं त्यापुढे काहीच नाहीत :-)

प्रोटेक्टेडबद्दल फार बोलण्यासारखं नाही, एक किस्सा तेवढा सांगतो. सी प्लस प्लसमध्ये प्रोटेक्टेड सुरुवातीला नव्हतंच. स्टॅनफर्डमध्ये 'इंटरव्ह्यूज' नावाची लायब्ररी लिहिणारे मार्क लिंटन स्ट्रॉस्ट्रुप यांच्याकडे गेले आणि मधला दर्जा हवाच म्हणून त्यांनी जोर लावला. मिळाला. पुढे पाचेक वर्षांनी त्याच लिंटन यांनी स्वतःच्या लायब्ररीत प्रोटेक्टेड फील्ड वापरायला बंदी घातली, कारण बग तिथूनच यायला लागले होते. हे स्ट्रॉस्ट्रुप यांनीच लिहून ठेवलंय. त्यात नवल काही नाही. तुमच्या क्लासपासून कोण कोण पोरं काढणार आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि प्रत्येक पोर टेकणार. त्यात जावामध्ये प्रोटेक्टेड म्हणजे पोरांबरोबर पॅकेजमधले सगळे शेजारीही आले. काहीच न लिहिता ठेवलेली मेथड त्यापेक्षा जास्त बंदिस्त असते, ती फक्त शेजाऱ्यांना मिळते. हे उलटं आहे असं वाटणाऱ्यांना मी दोष देत नाही.

रिव्ह्यूमध्ये हल्ली सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे "टेस्ट लिहिता येईना म्हणून पब्लिक केलं". गुगलच्या ग्वावा लायब्ररीत तर "हे टेस्टसाठी दिसतंय" असं सांगणारी खास चिठ्ठीच आहे. मी अशा वेळी आधी विचारतो की टेस्ट त्याच पॅकेजमध्ये आहे ना, मग काहीच न लिहिता ठेवलं तर भागतं का? बहुतेक वेळा भागतं. आणि नाही भागलं तर बऱ्याचदा असं निघतं की त्या पोटातल्या मेथडच्या पोटात अजून एक अख्खा क्लास दडून बसलाय, त्याला बाहेर काढून स्वतःचं घर द्यायला हवं. वाद होतात, पण शुक्रवारच्या आत मिटतात.

हे सगळे कीवर्डवाल्या लोकांचे वाद झाले. काही भाषांनी कीवर्डचा नाद सोडलाय. पायथनमध्ये नावाआधी एक अंडरस्कोअर लावायचा, की झाली पाटी. तिथे सगळे समजूतदार प्रौढ आहेत असं धरलेलं असतं. मला ते आवडतं, पण पाच जणांच्या टीममध्ये. पन्नासच्या टीममध्ये एक तरी समजूतदार प्रौढ गुरुवारी संध्याकाळी घाईत असतोच.

गो भाषेची तऱ्हा अजून न्यारी. तिथे नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर ते पॅकेजबाहेर वापरता येतं, नसेल तर नाही. कीवर्ड नाही, अंडरस्कोअर नाही. वापरणाऱ्यालाही नाव वाचूनच कळतं, मस्त. आता आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरच नाही! तेव्हा गोमध्ये तुम्ही "बचत" नावाचं फंक्शन लिहिलंत तर ते बिनतक्रार कंपाइल होतं, पॅकेजच्या आत छान चालतं, आणि बाहेर जन्मात दिसत नाही. "शिल्लक" लिहून बघाल तर तेही नाही, कारण नावात वेलांटी आणि जोडाक्षराचा हलन्त चालत नाही, नुसती सुटी अक्षरं हवीत. गो बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे, त्यांच्या प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन ही अडचण लिहिलेली आहे. कॅपिटल नसलेल्या लिपीतलं नाव बाहेर काढायचं तर पुढे एक इंग्रजी कॅपिटल एक्स जोडा, असा उपायही तिथेच दिलाय. मी शनिवारी दुपारी करून पाहिलं. एक्स-बचत बाहेर दिसायला लागली.